फुटबॉलपटूंच्या सह्या: खरी कुठली, खोटी कुठली आणि किंमत कशी धरायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरातल्या जुन्या सामानात एक ऑटोग्राफची वही सापडली, त्यात १९५७ च्या आसपासच्या मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंच्या सह्यांचं एक पान आहे, शिवाय तुम्ही स्वतः ऑनलाइन पेलेचा सही केलेला फोटो घेतलाय फ्रेम आणि सर्टिफिकेटसकट, आणि एका क्लबचा बॉल आहे ज्यावर अख्ख्या टीमच्या सह्या आहेत. यातलं खरं काय, किंमत किती येईल, आणि हा नाद पुढे चालू ठेवायचा तर कसा. मी बरीच वर्षं हेच करतोय, जमवणं, विकणं आणि लोकांकडच्या वस्तू बघून मत देणं, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, सवडीने वाचा.

आधी किमतीचं बोलून घेऊ कारण सगळ्यांना घाई त्याचीच असते. खेळाडू जितका मोठा तितकी सही महाग असं लोक धरून चालतात आणि तिथेच हिशोब फसतो. पेलेने आयुष्यभर सह्या केल्या, खेळत असताना केल्या, रिटायर झाल्यावर कार्यक्रमांत केल्या, कंपन्यांशी करार करून बसून गठ्ठेच्या गठ्ठे केल्या. डिसेंबर २०२२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या खऱ्या सह्याच बाजारात ढिगाने होत्या, खोट्यांचं तर सोडाच. आता दुसरीकडे जेफ बेंट. नाव ऐकलं नसेल, ऐकायचं कारणही नाही. युनायटेडचा राखीव डिफेंडर, पहिल्या टीमकडून एकूण १२ मॅच. टीमचा कॅप्टन रॉजर बर्न, त्याच्या दुखापतीची शंका होती म्हणून ऐनवेळी बेंटला बदली खेळाडू म्हणून बेलग्रेडच्या मॅचला नेलं, आणि परतीच्या वाटेवर म्युनिकच्या विमान अपघातात वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. त्याच टीममधल्या बॉबी चार्लटनने त्यानंतर कित्येक दशकं सह्या दिल्या, मागेल त्याला दिल्या, त्यामुळे चार्लटनची चांगली सही आजही सहज मिळते आणि बेंटची शोधत बसावं लागतं. खेळाडू म्हणून दोघांची तुलनाच नाही, पण सह्यांच्या बाजारात बेंट वरचढ. म्हणजे किती सह्या झाल्या, त्यातल्या किती टिकल्या, आज किती लोकांना हव्यात आणि ही खरी आहे हे तुम्ही समोरच्याला पटवू शकता का, एवढं बघायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पटवता येत नसेल तर बाकीचं सगळं असून काही उपयोग नाही.

आता तुमच्या वहीच्या पानाकडे येऊ, खरी गंमत तिथेच आहे (बाकी दोन वस्तूंबद्दल मला फारशी आशा नाही, ते पुढे सांगतो). अपघात ६ फेब्रुवारी १९५८ चा. २३ माणसं गेली, त्यात युनायटेडचे ८ खेळाडू. टीमचा तरुण स्टार डंकन एडवर्ड्स १५ दिवस हॉस्पिटलमध्ये झुंजला आणि २१ फेब्रुवारीला गेला. जॉनी बेरी आणि जॅकी ब्लँचफ्लॉवर वाचले पण पुन्हा कधी खेळू शकले नाहीत. मागणी प्रचंड आणि पुरवठा कायमचा बंद, त्यामुळे या टीमची बनावट पानंही भरपूर फिरतात.

असं पान हातात आलं की मी सह्या नंतर बघतो, आधी नुसती नावं वाचतो. कोण आहे आणि कोण नाही यावरून पानाची तारीख निघते. गोलकीपर हॅरी ग्रेग डॉन्कास्टर रोव्हर्सकडून युनायटेडमध्ये आला तो डिसेंबर १९५७ मध्ये. मग ग्रेग आणि एडवर्ड्स दोघांनी एकाच वेळी सही केलेली असेल तर ते पान डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचं, जेमतेम दोन महिन्यांची खिडकी. तुमच्या घरात जी गोष्ट सांगतात, की अमक्या साली अमक्या स्टेशनवर घेतल्या, ती या खिडकीत बसते का ते बघा. नसेल बसत तर लगेच निराश होऊ नका, कारण ग्रेग २०२० पर्यंत हयात होता आणि मधल्या साठेक वर्षांत कोणीतरी वही पुढे करून त्याची सही नंतर घेतलेली असू शकते. अशा वेळी त्याची शाई वेगळी दिसेल, पेन वेगळं दिसेल, कोपऱ्यात जागा मिळेल तिथे केलेली दिसेल. पण ग्रेगची सही त्याच शाईत, बरोब्बर मध्यभागी, इतरांच्या ओळीत आणि विकणारा म्हणतोय पान १९५६ चं, तर पान ठेवा आणि चालायला लागा.

दुसरी तपासणी मला स्वतःला फार आवडते. या टीममध्ये बी अक्षराने सुरू होणारी आडनावं भरपूर आहेत. बर्न, बेरी, ब्लँचफ्लॉवर, बेंट, आणि मॅनेजर स्वतः बसबी. पानावर यातले तीन-चार जरी असले तरी फक्त कॅपिटल बी एकेक करून शेजारी शेजारी ठेवून बघा, मोबाइलवर फोटो काढून कापून एका ओळीत लावा. वेगवेगळ्या माणसांचा बी वेगळा असतो, कोणी उभा दांडा आधी ओढतो मग पेन उचलून दोन पोटं काढतो, कोणी पेन न उचलता खालून वर जातो, कोणाचं खालचं पोट मोठं, कोणाचा बी वरून उघडाच राहतो. एकाच माणसाने सगळं पान लिहिलं असेल तर तो तिरकेपणा बदलतो, आकार लहानमोठा करतो, पण दांडा कुठून सुरू करायचा ही हाताची सवय त्याला बदलता येत नाही, निदान पाच वेळा तरी नाहीच.

आणि इथे एक भानगड आहे जी नवीन लोकांना माहीत नसते. सगळी पानं चोरांनीच बनवलेली असतात असं नाही. त्या काळी पोरं वही ड्रेसिंग रूमच्या दारातून आत द्यायची, अर्ध्या तासाने वही सह्यांनी भरून बाहेर यायची. आत काय झालं कोणी बघितलंय. कंटाळलेला एखादा खेळाडू शेजारच्याची पण सही ठोकून द्यायचा, कधी ट्रेनर किंवा ऑफिसमधला माणूस उरलेली नावं पूर्ण करायचा. म्हणजे कागद त्या काळचा, शाई त्या काळची, वही खरोखर स्टेडियममधून आलेली, घरच्यांची गोष्ट शंभर टक्के खरी, आणि तरी अकरापैकी तीन सह्या एकाच हाताच्या. हे सांगितल्यावर लोक फार दुखावतात, त्यांना वाटतं आपल्या माणसाला खोटं ठरवलं. तसं नसतं. पण किंमत मात्र जेवढ्या सह्या अस्सल तेवढ्याचीच, आणि बाजारात सगळ्यात आधी विचारतात ती एडवर्ड्सची.

मग एकेका सहीकडे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, महाग नसतं. रोज शेकड्याने सह्या करणारा माणूस सही करताना विचार करत नाही, हात सवयीने फिरतो, त्यामुळे रेषेचा वेग दिसतो, पेन टेकताना आणि उचलताना रेष निमुळती होत जाते, वळणावर दाब बदलतो. नक्कल करणारा समोर नमुना ठेवून काढतो, मग ती पाटीवर गिरवलेल्या अक्षरासारखी दिसते, आकार बरोबर पण रेष थरथरते, मध्येच थांबल्याचे बारीक ठिपके, सुरुवात आणि शेवट बोथट. मी कधीकधी फोटो उलटा करून बघतो, म्हणजे नाव वाचलं जात नाही आणि नुसत्या रेषा दिसतात, करून बघा, फरक पडतो. एक अपवाद लक्षात ठेवा, म्हातारपणी किंवा आजारपणात केलेल्या खऱ्या सह्याही थरथरतात. त्यामुळे थरथर दिसली की आधी विचारायचं ही सही कुठल्या वयातली म्हणे.

शाईवरून तर कित्येक गोष्टी घरबसल्या निकालात निघतात. बॉलपेन सर्रास विकायला आलं ते १९४५ नंतर. शार्पी मार्कर १९६४ चा, आणि आपण ज्याला स्केचपेन म्हणतो तसली पेनंही साठच्या दशकातलीच. मग डंकन एडवर्ड्सची बॉलपेनने केलेली सही शक्य आहे, शार्पीने किंवा स्केचपेनने केलेली शक्यच नाही. आर्सेनलचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन जानेवारी १९३४ मध्ये गेला, त्याची सही शाईपेन नाहीतर पेन्सिलीचीच असणार. पण हाच नियम आंधळेपणाने लावू नका. एव्हर्टनचा डिक्सी डीन, ज्याने १९२७-२८ च्या सीझनमध्ये लीगमध्ये ६० गोल मारले, तो १९८० पर्यंत होता. त्याच्या १९२८ च्या फोटोवर बॉलपेनची सही दिसली तर ती खोटीच असं नाही, फोटो जुना आणि सही म्हातारपणीची एवढंच. असली सही खरी असूनही त्या काळात केलेल्या सहीपेक्षा स्वस्त जाते. शर्टांचंही तसंच, १९६६ ची वर्ल्ड कप जिंकलेली इंग्लंडची टीम, तिच्या लाल शर्टाच्या रेट्रो कॉप्या नंतर भरमसाठ निघाल्या आणि त्यावर हयात खेळाडूंनी सह्याही केल्या. कॅप्टन बॉबी मूर फेब्रुवारी १९९३ मध्ये गेला. शर्टाच्या आतलं लेबल त्यानंतरचं आणि शर्टावर मूरची सही, हे कॉम्बिनेशन मी अजूनही विकायला लागलेलं बघतो आणि लोक घेतातही!

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चचा पण उपयोग होतो. नव्या कागदात पांढरेपणासाठी रसायनं घालतात, ती त्या प्रकाशात निळसर चमकतात, ही पद्धत कागदात सर्रास आली साधारण पन्नासच्या दशकापासून. म्हणजे १९३० चं म्हणून विकलेलं पान लख्ख चमकलं तर खेळ खल्लास. तुमच्या १९५७ च्या पानाला मात्र ही परीक्षा काठावरची आहे, त्यावर निकाल देऊ नका.

आता पेलेचा फोटो. तुम्ही लिहिलंय सर्टिफिकेट आहे म्हणून खात्री आहे. सर्टिफिकेट म्हणजे छापलेला कागद, तो कोणीही छापतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एफबीआयने खोट्या सह्यांच्या टोळ्यांमागे ऑपरेशन बुलपेन नावाची मोठी मोहीम लावली होती, त्यात सापडलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलसुद्धा होता. म्हणजे लोक काय काय विकत घेतात बघा. आणि त्या मालाबरोबर सर्टिफिकेटंही व्यवस्थित जोडलेली असायची. त्यामुळे कागदावर सोनेरी शिक्का किती मोठा आहे हे बघू नका, तो देणारा कोण, आज तो धंद्यात आहे का, खोटं निघालं तर पैसे परत देतो का, आणि सही करताना त्याचा माणूस समोर हजर होता की नंतर नुसतं बघून मत दिलंय, हे विचारा. खेळाडूशी थेट करार असलेल्या कंपन्या सही समोर करून घेतात, प्रत्येक वस्तूला नंबराचं होलोग्राम लावतात, तो नंबर त्यांच्या साइटवर तपासता येतो, नव्या खेळाडूंसाठी हा सगळ्यात सरळ मार्ग, महाग आहे पण सरळ आहे. नंतर बघून मत देणाऱ्यांमध्ये पीएसए डीएनए, जेएसए, बेकेट ही अमेरिकन नावं जगभर चालतात, आणि ब्रिटनमध्ये ऑटोग्राफ विकणाऱ्यांची आफ्टल नावाची संघटना आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर अमेरिकन कंपन्यांचा हात त्यांच्या बेसबॉल-बास्केटबॉलवर जास्त बसलेला आहे, पन्नासच्या दशकातल्या इंग्लिश किंवा इटालियन फुटबॉलच्या पानासाठी मी युरोपातल्या फुटबॉलचा स्पेशल लिलाव करणाऱ्यांचं मत आधी घेईन.

विकणारे अजून एक पुरावा दाखवतात, खेळाडू सही करतानाचा फोटो. त्यात खेळाडू दिसतो, पेन दिसतं, पण सही होतेय ती तुमच्याच फोटोवर का, हे दिसतं का? बहुतेक वेळा नाही. सहीचा आकार, फोटोतली जागा, दोन्ही तंतोतंत जुळलं तरच त्याला पुरावा म्हणायचं.

घरी करायची परीक्षा अशी. फोटो फ्रेममधून बाहेर काढा (काचेतून बघून मी कधीच मत देत नाही, फ्रेम हा लपवायचा जुना मार्ग आहे). खिडकीजवळ तिरका धरा. मार्करची शाई चकचकीत फोटोवर वर बसलेली असते, तिचा चमकण्याचा प्रकार आजूबाजूच्या फोटोपेक्षा वेगळा दिसतो, रेष जिथे स्वतःलाच ओलांडते तिथे गडद होते. सही फोटोबरोबरच छापलेली असेल तर सगळीकडे एकसारखीच चमक आणि भिंगाखाली छपाईचे ठिपके. छापील फोटोवर भारी फ्रेम चढवून विकणं हा या बाजारातला सगळ्यात जुना धंदा आहे, आणि जाहिरातीत शब्द असे निवडलेले असतात की नंतर भांडताही येत नाही. तुमचा फोटो छापील निघाला नाही तरी सही खरी ठरत नाही हेही लक्षात असू द्या, ती नुसती पुढच्या परीक्षेला बसते.

बॉलचं लवकर आटपतो. क्लबच्या दुकानात मिळणाऱ्या बॉलवर टीमच्या सह्या कारखान्यातच छापलेल्या असतात, हे क्लब लपवत नाहीत, पण दहा वर्षांनी तो बॉल तिसऱ्याच माणसाकडे गेला की तो सह्यांचा बॉल होतो. सगळ्या सह्या एकाच रंगात, एकाच जाडीच्या, एकमेकींना कुठेही न भिडता नीट जागा वाटून बसलेल्या आणि शिवणीवरून जाताना कुठेही न अडखळलेल्या असतील तर छापीलच समजा. तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतंय. खऱ्या बॉलवर गर्दी असते, एकाची दुसऱ्यावर चढलेली असते, कोणाचं पेन मध्येच सुकलेलं असतं.

किंमत काढायची पद्धत. लोक साइटवर मागितलेले आकडे बघतात आणि तेच धरून बसतात. मागायला कोणाचं काय जातं, तीच वस्तू चार वर्षं त्याच आकड्याला पडून असते. विकून झालेल्या वस्तूंचे आकडे बघा, लिलाव कंपन्या जुने निकाल साइटवर ठेवतात, विक्रीच्या साइटवर विकलेलं तेवढंच दाखवायचा फिल्टर असतो. त्यातही लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन बहुधा मिळवलेलं असतं, आणि विकणाऱ्याचं कमिशन वेगळं कापतात, त्यामुळे पेपरात वाचलेला आकडा आणि विकणाऱ्याच्या हातात पडलेला आकडा यात बरंच अंतर असतं.

मोठे आकडे वाचून हुरळून जाणाऱ्यांना मी दोन उदाहरणं देतो. मे २०२४ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात तो प्रसिद्ध रुमाल, म्हणजे कागदी नॅपकिन, ७,६२,४०० पाउंडांना गेला, ज्यावर डिसेंबर २००० मध्ये बार्सिलोनाने १३ वर्षांच्या मेस्सीला घ्यायचं लिहून दिलं होतं. त्यावर मेस्सीची सही नाहीच! सह्या आहेत बार्सिलोनाचा अधिकारी कार्लेस रेक्साच आणि व्यवहार जुळवणारे जोसेप मिंगुएला आणि ओरासिओ गाज्जोली यांच्या. या तिघांच्या सह्या एरवी साध्या कागदावर कोण विचारतो, तिथे किंमत त्या प्रसंगाची आणि तो कागद इतकी वर्षं कुठे होता याच्या सरळ हिशोबाची. दुसरं, मॅराडोनाचा १९८६ चा इंग्लंडविरुद्धचा शर्ट, २०२२ मध्ये सदबीजकडे ७१ लाख पाउंडांच्या वर गेला. त्याची सही म्हणून नाही, त्या मॅचमध्ये अंगात होता म्हणून, आणि तो शर्ट पहिल्या हाफमधला की दुसऱ्या यावरही वाद झाला होता, मग जुन्या फोटोंशी शर्टाचे बारीकसारीक तपशील जुळवून दाखवावे लागले. मॅचमध्ये घातलेला शर्ट आणि दुकानातल्या कॉपीवर केलेली सही हे दोन संपूर्ण वेगळे बाजार आहेत, एकाचा भाव दुसऱ्याला लावू नका.

साध्या सह्यांत किंमत वरखाली करणाऱ्या गोष्टी म्हणजे, सहीच्या वर "अमक्याला शुभेच्छा" असं नाव लिहिलेलं असेल तर आजच्या खेळाडूंच्या बाबतीत भाव उतरतो, कारण पुढच्या माणसाचं नाव वेगळं असतं. गंमत म्हणजे खरेपणाच्या दृष्टीने तेच बरं, नक्कल करणाऱ्याला जितकं जास्त लिहावं लागेल तितका तो उघडा पडतो, आणि जुन्या दुर्मिळ नावांच्या बाबतीत तर अशा ओळीने काही बिघडत नाही. टीमच्या सह्यांत पूर्णतेला किंमत. १९६६ च्या फायनलच्या अकरांपैकी दहा सहज जमतात आणि अकरावा मूर राहतो, तो मिळाला की सेटची किंमत एकदम वेगळ्या पातळीवर जाते. २०२३ मध्ये बॉबी चार्लटन गेल्यावर त्या अकरांतला जेफ हर्स्ट एकटा उरला, म्हणजे आता नवीन सेट बनणं बंदच. आणि कोणी मोठा खेळाडू गेला की त्या आठवड्यात काहीही घेऊ नका, मॅराडोना गेला तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये हेच झालं, भाव चढतात, ज्याच्याकडे आहे तो विकायला काढतो, ज्याच्याकडे नाही तो बनवायला बसतो. काही महिने थांबा, भाव खाली बसतो.

पुढे जमवायचं म्हणाल तर माझा सल्ला, विकत घ्यायच्या आधी स्वतः घ्या. समोर केलेली सही बघितली की डोळा तयार होतो, तो वाचून होत नाही. ट्रेनिंग ग्राउंडचं गेट, टीम हॉटेल, मॅचच्या बऱ्याच आधी बसमधून उतरताना. एकच वस्तू पुढे करा, टोपण आधीच काढलेलं, पेन चालतंय का आधी कागदावर बघितलेलं. दहा फोटोंचा गठ्ठा घेऊन उभा राहणारा माणूस खेळाडूंना लांबून ओळखू येतो, विकायला घेतोय हे त्यांना कळतं, म्हणून कित्येकजण मुद्दाम नाव विचारून नाव घालूनच सही देतात. आणि घाईत केलेली सही नुसती एक वळवळ असते हेही धरून चाला, आजच्या खेळाडूची टेबलावर बसून केलेली सही आणि बसच्या दारातली सही शेजारी ठेवली तर एकाच माणसाच्या वाटणार नाहीत. तुम्ही पुढे तुलनेला नमुना घ्याल तेव्हा तशाच परिस्थितीतला घ्या, नाहीतर खरीला खोटी म्हणाल.

पोस्टाने मागवायची तर जर्मन क्लबपासून सुरुवात करा, तिथे क्लब प्रत्येक खेळाडूचं सहीसाठी वेगळं कार्ड छापतात, छान पद्धत आहे आणि स्वस्तात मोठा संग्रह होतो. फक्त काही कार्डांवर सही छापूनच येते, ते भिंगाने बघून घ्यायचं. ट्रेडिंग कार्डांच्या पाकिटात येणाऱ्या सह्या कंपनीच्या हमीच्या असतात, त्यात थेट कार्डावर केलेली सही आणि चिकटपट्टीवर करून नंतर डकवलेली सही असे दोन प्रकार, पहिलीला भाव जास्त. मला स्वतःला त्यात रस नाही, त्यामुळे इतकंच.

जपायचं थोडक्यात: उन्हात टांगू नका, मार्करची शाई उन्हाने आणि ट्यूबलाइटनेही उडते. लॅमिनेशन अजिबात नाही, सेलोटेप नाही, पीव्हीसीची स्वस्त पाकिटं नाहीत, ती शाई ओढून घेतात, पॉलिएस्टरची घ्या. काचेला सही टेकू देऊ नका. आणि फिकट झालेल्या सहीवर परत पेन फिरवायचा मोह झाला तर ती वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवून या.

तुमच्या पानाचं आता करायचं ते असं. पान वहीतून फाडू नका, लोक फाडून फ्रेम करतात आणि सगळा इतिहास घालवतात. वहीतली मागची-पुढची पानं हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, त्याच महिन्यांत इतर टीमच्या सह्या असतील, कोणी तारीख घातली असेल, पोराने स्वतःच्या अक्षरात मॅचचं नाव लिहिलं असेल. वहीचं बाहेरून, त्या पानाचं समोरून, मागून (दाबाच्या खुणा मागे उमटतात) आणि तिरक्या उजेडात असे फोटो काढा, न कापता, बाजूला पट्टी ठेवून. ज्यांच्याकडून वही आली त्यांनी काय सांगितलं होतं ते आत्ताच लिहून तारीख घालून ठेवा, ऐकीव असेल तर ऐकीव असंच लिहा. मग हे सगळं फुटबॉलच्या वस्तूंचे नियमित लिलाव करणाऱ्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांना पाठवा, प्राथमिक अंदाज बहुतेक जण फुकट देतात. दोघांच्या उत्तरात एडवर्ड्सच्या सहीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा आणि मला कळवा, आणि तोपर्यंत पान बघून लगेच रोख पैसे देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला वही हातातसुद्धा देऊ नका.